जमिनीपासून वीतभर

फाट्यावर पुन्हा तो फ्लेक्स लागला आहे. लाल अक्षरांत ‘भव्य मोटारसायकल डर्ट ट्रॅक स्पर्धा’, मध्ये इंटरनेटवरून उचललेला कुणी परदेशी स्वार, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे असलेले सतरा-अठरा चेहरे. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत मी तो पूर्ण वाचला. मनात पहिला विचार आला तो गुडघ्यांचा. दुसरा विचार धुळीचा. कॅमेऱ्याचा विचार कितवा आला ते आठवत नाही, पण बराच मागून आला.

दरवर्षी याच दिवसांत येतात या स्पर्धा. ऊसतोडणी संपत आलेली असते. एरवी ज्या रस्त्याने दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती घेऊन जायचं, तिथून एकाएकी पार कालव्यापर्यंत दिसायला लागतं. इतकी जागा होती इथे, असं वाटतं. उसाचं वाळलेलं पाचट पेटवल्याचा वास उशा-पांघरुणांत शिरतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेची काळी फुलं येऊन पडतात, झटकली तर अजून पसरतात. जुन्या लोकांना या दिवसांत जत्रा आठवतात. मला पेट्रोलचा वास आठवतो. विज्ञान शिकवण्यात पस्तीस वर्षं घालवलेल्या, देवळाली प्रवरातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईला हे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आठवणींना शोभेचं काही पडलेलं नसतं.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा मी निवृत्त व्हायची होते. भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या पदरात टाकला. ‘मावशी, वेळ जाईल तुझा.’ वेळ जात नव्हता असं मी त्याला कधी म्हटलं होतं कोण जाणे. त्याची ती लांब लेन्स लावली की कॅमेरा माझ्या मानेला पेलायचा नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. त्यातलं कार्ड जुनं, अडीचशे फोटोंत भरून जायचं. पहिले काही महिने मी जास्वंद काढली, बगळे काढले, कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका काढल्या. जास्वंद बिचारी हलत नाही. बगळे थोडे हलतात. मला वाटलं, आपल्याला येतं.

रावसाहेब माझा विद्यार्थी. आमच्याकडे रावसाहेब, भाऊसाहेब ही जन्मापासूनची नावं असतात, त्यामुळे गुडघ्यापर्यंत ऑइलने माखलेला रावसाहेब पाहून इथे कुणाला हसू येत नाही. आठवीत मी त्याला गती शिकवली होती आणि तो त्यात नापास झाला होता. पुढे त्याने फाट्यावर गॅरेज टाकलं. माझी स्कूटर त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला ओळख देत नाही. एके दिवशी ब्रेक नीट करता करता तो मान खाली घालूनच म्हणाला,

“बाई, एक काम हुतं तुमच्याकडं.”

“बोल.”

“माझा एक फोटो काढायचा. गाडीवरचा.”

“मग बस की गाडीवर. काढते.”

“तसला न्हाई बाई. रेसमधला. जंपवरनं उडालो की, हवेतला. दोन्ही चाकं वर पायजेत.” त्याने ब्रेकचा नट आवळला. “आमच्या मंडळींनी सांगितलंय, एवढं वरीस खेळा, मंग बास. पोरगी मोठी व्हायलीय. म्हनती, चार वर्षं झाली, तुमी नुसते धुरळा खाऊन गोल गोल फिरून येता. मला तिला दाखवायचंय बाई. एकच फोटो. मंग गाडी इकून टाकतो.”

त्याने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, हे मला आवडलं. शिवाय इतक्या वर्षांत कुणी मला असं काही मागितलं नव्हतं जे मला येत नसेल. मी हो म्हणाले.

चार रविवार होते त्या हंगामात. पहिला कोपरगावच्या अंगाला, गोदावरीच्या काळ्या मातीत. दुसरा आणि तिसरा नेवाशाकडे, तिथली माती तर हवेत गेली की खाली यायचं नावच घेत नाही. आणि शेवटचा आमच्या घरापासून दोन मैलांवर, उसाचा खोडवा, म्हणजे जुन्या बुडख्यांवर फुटलेलं दुसरं पीक, तोडून नेलेल्या एका रानात. रान सगळीकडे तसंच. जेसीबीने मातीचे ढीग करून त्यांच्या जंपा केलेल्या, वळणावर जुने टायर, कडेने पाचटाच्या पेंढ्या. दर दोन फेऱ्यांनी पाण्याचा टँकर यायचा आणि धूळ बसवून जायचा, आणि ती पाच मिनिटांत पुन्हा उठायची. निवेदक कर्ण्यातून ओरडत असायचा, पण इंजिनं सुरू झाली की त्याच्या तोंडातून फक्त नंबर कळायचे. चौदा नंबर! चौदा नंबर! रावसाहेबाच्या गाडीवर चौदाचा आकडा होता. तो म्हणाला होता, “चौदा नंबर ध्यानात ठिवा बाई, आनि मोठ्या जंपच्या पल्याड हुबं ऱ्हावा.” मी तसंच केलं. मोठी जंप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असायची. गाड्या लावायचा मांडव तिथून दिसायचासुद्धा नाही.

फोटो काढणं म्हणजे बघणं, असं लोक म्हणतात. मला त्या चार रविवारांत एवढंच कळलं की फोटो काढणारा माणूस फार कमी बघतो. एक डोळा मिटलेला असतो. दुसऱ्यासमोर काचेची चौकट असते. चौकटीबाहेर शर्यत चाललेली असते, माणसं भेळ खात असतात, कुणाची चप्पल तुटते, कुणी पडतो, कुणी हरतो, आणि आपण चौदाचा आकडा कधी येतो याची वाट बघत असतो. तो येतो. बोट दाबलं जातं. हाती येते धूळ. नुसती तांबूस धूळ, तिच्यात कुठेतरी एक आरसा. पहिल्या रविवारी मी दोनशे चाळीस फोटो काढले आणि त्यातले दोनशे तीस धुळीचे होते. उरलेल्यांत एका स्वाराचं डोकं चौकटीबाहेर गेलं होतं. तरीही घरी येऊन मी गरम पाण्यात पाय बुडवून बसले आणि मला बरं वाटलं. दमल्यावर बरं वाटण्याचं वय माझं तेव्हा अजून संपलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. चौदा नंबर सकाळच्या फेरीत दबकत चालायचा. मोठ्या जंपवर यायचा आणि अगदी माथ्यावर येऊन गाडी मंदावायची, चाकं मातीला धरून चढायची, धरूनच उतरायची. दुपारी तोच चौदा नंबर असा उडायचा की चाकांखालून पलीकडचं आकाश दिसायचं. याचं कारण मी माझ्यापुरतं शोधून काढलं होतं. सकाळी इंजिन थंड, माणूसही थंड. ऊन चढलं की दोघं मोकळे होतात. माझे गुडघे नाहीत का, सकाळी धरतात आणि दुपारी सुटतात. इतकी वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवलेला, त्यामुळे आपलं कारण चुकीचं असेल अशी शंकाही आली नाही.

म्हणून मी सकाळचे फोटो ठेवत नव्हते. कार्ड लहान. जेवायच्या सुट्टीत बाभळीखाली डबा उघडायचा, एका हाताने पोळी-भाजी खायची आणि दुसऱ्या हाताने सकाळचे सगळे फोटो एकेक करून पुसायचे. दुपारसाठी जागा करायची. मातीला चिकटून चालणारा चौदा नंबर कुणाला हवा होता?

दुपारचेही फोटो साधत नव्हते हा भाग वेगळा. कधी मी आधी दाबलं, कधी नंतर. संध्याकाळी मांडवाशी गेले की तिथे रावसाहेब असायचा आणि त्याचा सोबती अझर, नेवाशाचा वेल्डर. दोघेही एकाच रंगाचे, धुळीच्या. मी म्हणायचे, “नाही जमलं रे आज.” रावसाहेब जमिनीकडे बघत म्हणायचा, “व्हय बाई. अजून न्हाई जमलं.” मला वाटायचं, किती समजूतदार पोरगा आहे. माझ्या चुकीत वाटा घेतो. मग आम्ही दोघंही पुढच्या रविवारी जमेल असं एकमेकांना सांगून निघायचो. अझर तेवढा हसायचा आणि गाडी टेम्पोत चढवायचा.

शेवटच्या रविवारी ऊन फार होतं. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि तरीही आठवायचा कंटाळा येतो. सकाळची फेरी, चौदा नंबर नेहमीसारखा दबकत. मी सवयीने दहा-बारा फोटो काढले. दुपारी बाभळीखाली पुसायला घेतले. त्यातला एक आठवतो. गाडी जंपच्या माथ्यावरून थोडी पुढे. मागे कर्ण्याचा खांब नेमका स्वाराच्या डोक्यातून उगवलेला. फोटो तिरका, अर्धवट हललेला. चाकांच्या खाली उजेडाची एक बारीक पट्टी. मी शेंगदाण्याची चटणी बोटाने चाटली आणि पुसलं. असला फोटो कोण ठेवेल?

दुपारी जमलं. एका शर्यतीत, एका फेरीला, एकदाच. मी कॅमेरा त्याच्या वेगाने फिरवला, बोट दाबलं, आणि चौकटीत तो होता. पूर्ण. दोन्ही चाकं वर, खाली धूळ, मागे आकाश, चौदाचा आकडा वाचता येईल इतका स्वच्छ. मी ओरडले असणार, कारण भेळवाल्याने वळून बघितलं. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच निकालाने दिला नव्हता. गुडघे विसरून मी ते अख्खं रान ओलांडलं, खोडव्याच्या खुंटांवरून ठेचकाळत मांडवाशी पोचले. चौदा नंबरची गाडी नुकतीच येऊन थांबत होती. “रावसाहेब,” मी लांबूनच म्हणाले, “मिळाला रे! मिळाला!”

स्वाराने हेल्मेट काढलं. तो अझर होता.

रावसाहेब शेजारी उभा होता, हातात पाण्याची बाटली. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. आठवीच्या वर्गातही नाही. “घावला का बाई?” तो पुढे आला. “सकाळचा? तुमी बघितलं नव्हं? आज हात मागं आला न्हाई बाई. चार वर्षं माथ्यावर आलं की भ्यानं हात आपसूक मागं यायचा, गाडी मंदावायची. आज न्हाई आला. वितभरच, पन उडालो. दोनी चाकं.”

मग मला सगळं समजलं, एका दमात, जसं ते मैदानावरच्या प्रत्येक माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. गाडी दोघांनी मिळून घेतलेली. हेल्मेट एक, जाकीट एक, छातीवरचं चिलखत एक. सकाळी स्थानिक गटात रावसाहेब, दुपारी खुल्या गटात अझर. चौदा नंबर गाडीचा होता, माणसाचा नव्हता. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. अर्ध्या गाड्या तशाच पळतात. चार रविवार मी अझरचे फोटो काढत होते आणि रावसाहेबाला पोळी-भाजी खाता खाता पुसत होते.

“घरी जाऊन बघते,” मी म्हणाले.

बघायला काहीच नव्हतं. त्या जागी दुपारचे फोटो बसले होते. पुढचे आठ दिवस मी स्कूटर काढली नाही, शाळेत चालत गेले. गॅरेजवरून जावं लागू नये म्हणून कालव्याच्या रस्त्याने लांबून गेले. माणूस केवढ्याशा गोष्टीसाठी केवढं चालतो. अझरला त्याचा फोटो मोबाईलवर पाठवून दिला. तो त्याच महिन्यात चाकणला कामाला गेला आणि अजूनही तो फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर आहे. चांगला आहे फोटो. मला तो बघवत नाही.

नवव्या दिवशी रावसाहेबाची बायको मनीषा घरी आली. पदराने खुर्ची पुसून टोकावर बसली. मी चहा करून तिच्या हातात दिला.

“बाई, ते काय तुमाला मागायला यायचे न्हाईत,” ती म्हणाली. “गाडी इकायला काढलीय. गप बसत्यात. मला म्हनले, उडालो, बाईंकडं फोटो हाय. मी म्हनलं दावा. तर म्हनत्यात, बाई देतील तवा देतील. मी अझरभाईंचा बघितला. तो लई उंच हाय. तसला नको मला. ह्यांचा वितभरचा द्या.”

मला खोटं बोलता आलं असतं. कॅमेरा बिघडला, कार्ड गेलं, काय वाटेल ते. पण ती इतकी टोकावर बसली होती. मी सांगितलं. फोटो होता. मी काढला होता. मला तो वाईट वाटला म्हणून मीच पुसला.

तिने चहाचा कप खाली ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पन पुसायच्या आधी तुमी बघितला?”

“बघितला.”

“चाकं वर हुती?”

पट्टी होती. उजेडाची एक बारीक पट्टी. ती हवा होती की धुळीवर पडलेलं ऊन, हे कोण सांगणार? फोटो हललेला होता. मी जेवत होते. बोटाला चटणी होती. विज्ञानाच्या बाईने म्हणायला हवं होतं की निरीक्षण पुरेसं नाही. मी म्हणाले, “होती. वीतभर.”

“मंग झालं,” ती उठली. “एकदा येऊन तेवढं घरी सांगून जा. आमच्या सासूबाईंपुढं. फोटोचं ऱ्हाऊ द्या. तुमी बघितलं म्हनल्यावर कुनी काय बोलायचं न्हाई.”

मी गेले. सांगितलं. आणि तिथून मी अडकले ती अडकलेच. गाडी विकली गेली, हेल्मेट कुणी नेलं, अझर गेला, पण दर वर्षी पाचट पेटायला लागलं आणि फाट्यावर फ्लेक्स लागला की गॅरेजात गिऱ्हाइकं विषय काढतात. ‘रावसाहेब, तू पन खेळायचास म्हन की.’ तो मान हलवतो आणि मी तिथे असेन तर माझ्याकडे बोट करतो. “बाईंना इचारा.” मग मी स्टुलावर बसून सांगते. मोठी जंप, सकाळची वेळ, चौदा नंबर, दोन्ही चाकं. लोक मान डोलावतात. दर वर्षी सांगताना मला ती पट्टी दिसते आणि दर वर्षी ती थोडी अंधुक झालेली असते. खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांपेक्षा मीच आता या गोष्टीला कंटाळले आहे. ज्याची खात्री नाही अशी साक्ष वर्षानुवर्षं देणं फार दमवतं. शर्यतीत उभं राहण्यापेक्षाही. तीन वर्षं मी कॅमेरा कपाटातून काढलेला नाही. तिथे आता सगळेच मोबाईल वर धरून उभे असतात, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास.

परवा स्कूटरचा मागचा ब्रेक पुन्हा गेला. गॅरेजात एक नवीन गिऱ्हाईक बसलं होतं, राहुरीहून आलेलं, गळ्यात जाड साखळी, हातात मोबाईल. मोबाईलवर कुठल्यातरी शर्यतीचा व्हिडिओ लावून ते रावसाहेबाला दाखवत होतं. “हे बघा कसं घरावरनं उडतंय. तुमी किती उडायचा?” त्याच्या बोलण्यात थट्टा होती. रावसाहेब माझ्या स्कूटरच्या मागे उकिडवा बसला होता, नुसतं डोकं दिसत होतं. केस पांढरे व्हायला लागलेत. त्याने नेहमीसारखं बोट केलं. “बाईंना इचारा. त्या हुत्या.”

ऊन होतं, माझी कंबर दुखत होती आणि त्या साखळीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू मला सोसेना. आणि मनात ते जुनं ओझंही होतंच. पुसलेल्या फोटोची भरपाई कशाने तरी करावी असं वाटतच असतं माणसाला. मी म्हणाले,

“चांगला हातभर उडाला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

साखळीवाला ‘अरे वा’ म्हणाला. रावसाहेबाचा पाना थांबला. तो स्कूटरच्या मागून अर्धा उठला, ऑइलचा हात पँटला पुसला, आणि अंगठा आणि करंगळी ताणून मला दाखवली.

“न्हाई बाई,” तो म्हणाला. “वितभरच हुतं.”